तिघांचे फोटो सारखे

सावंगखेडमध्ये कोण किती मोठा, हे कोणाला विचारत बसावं लागत नाही. बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सकडे मान वर करून पाहिलं की झालं. ज्याचं डोकं टोपल्याएवढं तो नेता, ज्याचं ताटलीएवढं तो त्याचा खास माणूस, आणि खालच्या पट्टीत पोस्टाच्या तिकिटांसारखे ओळीनं चिकटवलेले ते सगळे शुभेच्छुक. मारेगावकडून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव नगरपंचायत झालं आणि तेव्हापासून तर फ्लेक्सांना नुसता ऊत आला.

ही सगळी डोकी लहानमोठी करणारा हात होता दिपालीचा.

दुकान तसं तिच्या नवऱ्याचं, घनश्यामचं. मशीन तो चालवायचा, बांबू तो बांधायचा, गिऱ्हाइकांशी गोड तो बोलायचा. पण कॉम्प्युटरवर बसून फोटो कापणं, गालावरचे डाग पुसणं, कोणाच्या टकलावर जरा केस दाट करणं, हे काम दिपालीचं. लग्नाआधी मारेगावला तिनं कोर्स केला होता. गावात किसनरावांचा एक गट आणि पंजाबरावांचा दुसरा. दोघांचे वाढदिवस एकाच महिन्यात. दोघांचे फ्लेक्स घनश्यामच्या घरामागं एकाच दोरीवर वाळत पडायचे, आणि ते वाळेपर्यंत दोघांची माणसं एकाच बाकावर बसून दिपालीचा चहा प्यायची. बाहेर एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं त्या बाकावर मात्र साखर कमी का जास्त यावर तासभर बोलायची.

आघाडी जन्मली ती याच बाकावर.

“दोघंही गाव आपल्याकडं ओढून राह्यले,” घनश्याम एकदा म्हणाला. “मधातल्या माणसानं जावं कुठं? त्याले नळाचं पाणी पाह्यजे, भाषण नाही.”

“मंग मधातल्याईची पार्टी काढा न,” दिपाली कपबशा उचलता उचलता बोलून गेली. ती थट्टेनं बोलली होती. पण घनश्यामच्या डोक्यात ते असं बसलं की महिन्याभरात गाव समन्वय आघाडी उभी राहिली. एवढं नाव कोण घेणार? गाव त्यांना नुसतं ‘मधले’ म्हणायला लागलं. निशाणी कपबशी. तीही दिपालीनंच सुचवली. “आपल्या घरचा चहा प्याला नाही असा एक मतदार दाखवा मले,” ती म्हणाली होती.

तांड्यावरून लालसिंग आला. रगेल, मोठ्यानं हसणारा, दोनशे माणसं एका हाकेत जमवणारा. बौद्धपुऱ्यातून अश्वजित आला. तो दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचा आणि बोलायचा कमी. यायच्या आधी त्यानं एकच अट घातली.

“फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो सारखे पाह्यजेत, घनश्यामभाऊ. एका मापाचे. या गावात ज्याचं डोकं फ्लेक्सवर लहान, त्याच्या गल्लीत नळ उशिरा येते. मी लहानपणापासून पाहून राह्यलो.”

घनश्यामनं हातावर हात मारला. दिपालीनं एक चौकट करून ठेवली, एकाच मापाची, आणि त्यात फोटो बसवायला लागली.

तिसरी जागा प्रभाग सहाची. ती महिलांसाठी राखीव निघाली. चिठ्ठी निघाली त्या दिवशी घनश्याम पेढे घेऊनच घरी आला. दिपालीच्या नावानं. आणि दिपाली तेव्हा गरोदर, पोटात नयन, दिवस भरत आलेले. पाय सुजलेले, बसलं की उठवत नाही अन् उठलं की बसवत नाही. सासू तानाबाईंनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, “बाई, आता हिले घेऊन दारोदार फिरता काय? रस्त्यातच बाळंतीण होईन.”

तेव्हा सुरभीचं नाव काढलं ते दिपालीनंच. ही गोष्ट पुढं सगळे विसरले, ती मात्र विसरू शकली नाही.

सुरभी तिची कॉलेजातली मैत्रीण. नवरा एसटीत कंडक्टर. दोघी एकाच गावात सून म्हणून आल्या याचाच दोघींना केवढा आनंद झाला होता.

“दिपे, माह्याच्यानं होईल का व हे?” सुरभी घाबरून म्हणाली होती.

“तुले फक्त बसायचं आहे. पुढच्या डावाले मी आहोच.”

“म्हणजे मी रुमाल,” सुरभी हसली. “खिडकीतून सीटवर टाकलेला.”

“हाव. अन् माही गाडी आली की उचलीन.”

दोघी पोट धरधरून हसल्या. दिपालीला तर पोट धरायलाच हवं होतं. दारातल्या उजेडात तिला उभं करून दिपालीनंच सुरभीचा फोटो काढला. चेहऱ्यावर एक डागही पुसावा लागला नाही. चौकटीत टाकला आणि तो बसला, जणू तिथंच जन्मला होता.

निकाल लागला तेव्हा नयन पाळण्यात होती. किसनरावांचे सात, पंजाबरावांचे सात, आणि मधल्यांचे तीनच्या तीन निवडून आलेले.

त्या आठवड्यात घनश्यामच्या बाकाला जे दिवस आले ते पुन्हा आले नाहीत. दोन्ही गटांनी आपापली माणसं फुटू नयेत म्हणून सहलीवर नेऊन दडवली होती. कोणी म्हणे माहूरला, कोणी म्हणे नागपूरला. मधल्यांचे तिघं मात्र उघड्यावर बसून चहा पीत होते. किसनरावांचा माणूस आला की पंजाबरावांचा माणूस मागच्या दारानं. “गावात आता आपल्याशिवाय पान हलत नाही, भाभी!” लालसिंग ओरडायचा आणि बशीतला चहा सांडायचा. दिपाली नयनला मांडीवर पाजत आतून ऐकायची आणि तिला वाटायचं, ही सगळी गंमत माझी आहे. मी उकळली आहे.

अध्यक्षपदही महिलेचं निघालं. तिघांत बाई एकच. किसनरावांनी पाठिंबा दिला आणि रुमाल जाऊन थेट अध्यक्षाच्या खुर्चीवर पडला.

पहिलं वर्ष मधल्यांनी गावाला दाखवून दिलं. पाण्याची नवी टाकी मंजूर झाली. नळ तांड्यावर गेला, बौद्धपुऱ्यात गेला, आणि तेही सगळ्या गल्ल्यांत पाळीपाळीनं, घड्याळ लावून. शेजारच्या गावांतून माणसं यायची, बाकावर बसायची, ‘आमच्या इथंही अशी आघाडी काढून द्या’ म्हणायची. घनश्यामला जेवायला फुरसत नव्हती.

आणि दिपालीला? तिला नयन होती. दात येणारी, ताप येणारी, मांडीवरून खाली ठेवली की डोळे उघडणारी. कामं ती पोरीच्या झोपेत उरकायची. एक पाय पाळण्याच्या दोरीत, एक हात माउसवर. गाऊनला कायम दुधाचा वास. स्क्रीनवर सुरभी. सुरभी नारळ फोडताना, सुरभी फीत कापताना, सुरभी शाळेतल्या पोरींना वह्या देताना. दिपाली तिच्या कपाळावरची टिकली सरळ करायची, पदराची चुणी नीट करायची. आधी ती प्रेमानं करायची हे. मग केव्हातरी तिच्या ध्यानात आलं की ती चुणी शोधायला लागली आहे, डाग शोधायला लागली आहे. आणि तो सापडत नाही.

घनश्याम घरात ‘सुरभी’ म्हणायचा ते ‘मॅडम’ म्हणायला लागला. फोन आला की ताटावरून उठायचा.

“मॅडमची मीटिंग आहे.”

“मॅडमले म्हणा, दिपालीनं विचारलं आहे,” ती म्हणायची. “आठवते का म्हणा, कोण दिपाली.”

“काहीतरीच तुहं.”

“बाई,” तानाबाई म्हणाल्या एकदा, “तुह्या तोंडाजवळ पापड धरला तं भाजून निघन.”

बैठका आता बाकावर होत नव्हत्या. नगरपंचायतीत होत होत्या. तिथला चहा हॉटेलातून जायचा. दिपालीच्या कपबशा फळीवर पालथ्या पडल्या होत्या. नयनला कडेवर घेऊन ती बाजारात गेली की पोरगी बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवायची आणि ओरडायची, “माशी! माशी!” मावशी. आपल्या लेकीनं बोबड्या बोलात हाक मारलेली ती सुरभी वरून हसायची, दारातल्या त्याच उजेडात. दिपाली पोरीचं बोट खाली करायची. पोरगी दुसरं बोट वर करायची.

तरी तिनं धरून ठेवलं होतं. पुढच्या डावाले मी. एवढ्या एका शब्दावर ती दिवस ढकलत होती. मनातल्या मनात तिनं सभेत बोलायची वाक्यंसुद्धा जुळवली होती. भांडी घासता घासता ती म्हणून पाहायची.

टाकीच्या उद्घाटनाचा फ्लेक्स करायचा होता. गावातला आजवरचा सगळ्यात मोठा. दुपारी घनश्याम जेवायला बसला आणि वरण ओतता ओतता दिपालीनं विचारलं, “निवडणूक वर्षावर आली. मी आतापासून बायाईच्या बैठकी घेऊ का, प्रभागात?”

घनश्यामनं भाताचा घास तसाच धरला. “दिपाली, गोठ अशी आहे...”

गोठ अशी आहे म्हटलं की गोष्ट तशी नसते, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

“पुढच्या वेळीही मॅडमच. तिचं नाव झालं आता. लोकाईले तोंड माहीत आहे. बदललं तं किसनराव पाठिंबा देणार नाही. तू समजून घे न. आघाडी टिकली पाह्यजे.”

“अन् तिनं काय म्हटलं?”

“तिनं काय म्हणायचं? ती म्हणे, घनश्यामभाऊ म्हणतीन तसं.”

दिपालीनं वरणाचं भांडं खाली ठेवलं. हळूच ठेवलं, नयन झोपली होती. “जेवा तुम्ही,” म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

टाकीचा निळा रंग मागं. वर आघाडीचं नाव. मधोमध कपबशी. आणि चौकटीतले तीन चेहरे, मधे सुरभी. तिनं मधला चेहरा निवडला. कोपऱ्याला धरला. आणि आत ढकलला. जरासा. बोटभर. मधे फट पडली, ती वाईट दिसायला लागली, म्हणून लालसिंगला थोडा मोठा करून मधे आणला. सुरभीला बाजूला सरकवलं. आता नीट दिसत होतं. बोटभराचा तर फरक. कोणाच्या लक्षात येतो?

स्क्रीनवरचं बोटभर म्हणजे फ्लेक्सवर हातभर. हे त्या गावात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या दुपारी तिनं ते स्वतःलाही सांगितलं नाही.

घनश्याम गडबडीत होता. मशीनमधून कापड गुंडाळून बाहेर आलं आणि तसंच बसस्टँडवर गेलं. तिथं बांबूवर ते उलगडलं तेव्हा लालसिंग टोपल्याएवढा होता, अश्वजित होता तेवढाच, आणि गावची अध्यक्ष सुरभी ताटलीएवढी, त्याच्या खांद्याशी.

तांड्यावर आधी बातमी गेली. डफ घेऊनच माणसं आली. लालसिंगची म्हातारी आई फ्लेक्ससमोर उभी राहून हरखून रडली. “आता अध्यक्ष आमचा!” कोणीतरी ओरडलं आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. लालसिंगला आधी कळेना, मग कळलं, मग पटलं. मोठं केलेलं डोकं पाहून कोणाला पटत नाही? किसनरावांनी त्याच संध्याकाळी त्याला बोलावून घेतलं. “लालसिंग, तुमच्या घनश्यामनंच दाखवून देल्लं पुढचा कोण. आमच्याकडून उभे राहा.” आणि सुरभीच्या दारात पंजाबराव स्वतः गेले. “मॅडम, आज लहान केलं, उद्या पुसून टाकतीन.”

दुसऱ्या दिवशी सुरभी दुकानात आली. घनश्याम आणि अश्वजित बाकावर बसले होते. दिपाली आत, नयनला भरवत होती.

“घनश्यामभाऊ, मले तोंडावर सांगायचं होतं,” सुरभी म्हणाली. “मी उठली असती खुर्चीवरून. असं चौकात लहान करायचं काय कारण?”

“नाही न मॅडम, तुमचा फोटो मोठा केला की फाटत होता. दिपालीनंच सांगितलं,” घनश्याम म्हणाला. तिनं त्याला सकाळी तसंच सांगितलं होतं. लहान कॅमेऱ्याचा फोटो मोठा केला की त्याचे चौकोन दिसतात, याला धंद्यात फाटणं म्हणतात.

सुरभीनं आतल्या दाराकडे पाहिलं. “माहा फोटो दिपीनं काढला आहे, या दारात उभं करून. तो भिंतीएवढा केला तरी फाटत नाही. हे तिलेही माहीत आहे.”

दिपालीच्या हातातला वरणभाताचा घास नयनच्या तोंडाशी थांबला. चार वर्षांची झाली तरी पोरगी “माशी! माशी!” करत दाराकडे झेपावत होती. दिपालीनं तिला घट्ट धरून ठेवलं.

सुरभी गेली. अश्वजित मागं राहिला. तो कोणावर ओरडला नाही. जाताना दाराशी थांबून तेवढंच म्हणाला, “वहिनी, अट एकच होती.”

तो बाजूच्या गल्लीत वळेपर्यंत दिपाली त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. सुरभीला दुखवायला ती निघाली होती. अश्वजित तिच्या मनातही नव्हता.

मग सगळं फार भरभर झालं. लालसिंग किसनरावांकडे गेला, सुरभी पंजाबरावांकडे. अश्वजितनं राजीनामा दिला नाही, नुसतं येणं बंद केलं. नळाचं घड्याळ बिघडलं. आधी तांड्यावर दोन तास जास्त, मग पंजाबरावांच्या गल्लीत, आणि बौद्धपुऱ्यात पुन्हा सगळ्यात शेवटी. ‘मधले’ हा शब्द गावात आता कोणी घेतला तर हसण्यासाठीच. कपबशी फुटली म्हणायचे आणि टाळ्या द्यायचे.

घनश्यामनं तिला एकदाच विचारलं. कापड घडी करत, तिच्याकडे न पाहता.

“तुनं जाणून केलं?”

“हाव.”

तिला वाटलं तो काहीतरी फेकेल. त्यानं कापडाची घडी पुरी केली, काठ जुळवले. “मीच कायले म्हटलं जेवता जेवता,” एवढंच म्हणाला आणि मशीन सुरू करायला गेला. त्यानं भांडण केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

निवडणूक आली. प्रभाग सहा पुन्हा महिलांसाठीच निघाला. या वेळी पेढे नव्हते. घनश्याम दुपारी आला, चपला काढल्या आणि म्हणाला, “आता तूच उभी राह्य. आघाडीचं नाव अजून आहे. माणूस नाही.”

ती जिची वाट पाहत होती ती गाडी आली होती. आत एकही प्रवासी नव्हता.

तिचा फ्लेक्स घनश्यामनं स्वतः केला. तिला कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. तिनं लग्नातली मोरपंखी साडी नेसली, त्याच दारात उभी राहिली, आणि त्यानं फोटो काढला. नयन तिच्या पायाला धरून होती, म्हणून फोटोत तिचा एक खांदा जरा झुकलेला आला. संध्याकाळी मशीनमधून कापड बाहेर आलं आणि घरामागच्या दोरीवर चढलं.

दिपाली पाहत राहिली. एक चेहरा, या काठापासून त्या काठापर्यंत. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यानं पुसली नव्हती, त्याला ते येतच नव्हतं.

“एवढी मोठी काहून केली मले?”

“मंग काय करू? जागा भरायची होती,” घनश्याम म्हणाला. “दुसरं कोणी आहेच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरभी आली. प्रभाग सहात पंजाबरावांकडून तीच उभी होती. गावात फ्लेक्सचं दुकान एकच. पंजाबरावांच्या गटाचा मोठा फ्लेक्स द्यायचा होता आणि तिला स्वतःचा फोटो द्यायला पाठवलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“घनश्यामभाऊ नाहीत?”

“बांबू बांधाले गेले. बस.”

“बसत नाही.” मग जरा थांबून, “तोच फोटो टाकजो. जुना. तुह्याकडंच आहे.” जाता जाता ती मागं वळली. तोंडावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत कॉलेजातली ती खोडी होती, निदान दिपालीला तरी ती दिसली. “अन् या डावाले फाडू नको.”

“तुहा फोटो फाटतच नाही,” दिपाली म्हणाली. “तेच तं दुखणं आहे.”

सुरभीनं तिच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात नयन आतून धावत आली, “माशी!” म्हणून तिच्या साडीला बिलगली. सुरभीनं खाली वाकून पोरीच्या केसांतला भाताचा कण काढला, आणि गेली.

नयन झोपल्यावर दिपाली कॉम्प्युटरवर बसली. पंजाबरावांच्या माणसानं माप सांगून ठेवलं होतं. वर पंजाबराव टोपल्याएवढे, बाजूला त्यांचा मुलगा, आणि खालच्या पट्टीत सगळे उमेदवार तिकिटांसारखे ओळीनं. सुरभी डावीकडून चौथी. तिनं तो फोटो उघडला. दारातला उजेड, न पुसलेला चेहरा. तो त्या पट्टीत टाकला. इतका लहान झाला की टिकलीही दिसेना.

मागच्या खिडकीतून तिला तिचं स्वतःचं डोकं दिसत होतं, दोरीवर, वाऱ्यानं फुगणारं. एवढं मोठं. आणि तरी तिची नजर पुन्हा पुन्हा त्या तिकिटाकडेच जात होती. तशीच बारीक आग, अजून. जा म्हटलं तरी जात नव्हती. ज्या बाईच्या खुर्चीसाठी एवढा जीव जाळला, तिला अशी डावीकडून चौथी पाहायची? हिच्याविरुद्ध मी उभी?

तिनं चेहऱ्याचा कोपरा धरला. आणि बाहेर ओढला. जरासा. बाकीच्यांच्या मापापेक्षा कांकणभर जास्त. फट राहू नये म्हणून शेजारच्याला किंचित सरकवलं. मग डोळे बारीक करून पाहिलं. टिकली दिसत होती.

पंजाबरावांच्या लक्षात येणार नाही. सुरभीच्या येईल.

शेजारच्या गोधडीवर नयन चुळबुळली. दिपालीनं वाकून तिला थोपटलं आणि फाईल छपाईला टाकली.